सारथ्याचा वेळ

आमच्या नांदेड-लातुराकडील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे एक नवी चाल चांगलीच रुजली आहे. दिवाळीची किंवा नाताळची सुटी आली, कीं एखादी भाड्याची मोटार ठरवावी, तिच्याबरोबर हांकणारा घ्यावा, पहाटेस घर सोडावें, आणि दीडदोनशें किलोमीटरांच्या आंतलें एखादें प्राचीन स्थळ पाहून रात्रीं पुन्हां आपल्या अंथरुणावर यावें. पूर्वीं अशा सुटींत लोक पंढरपूर-तुळजापूर करीत. आतां त्यांच्या जोडीला होट्टल, खरोसा, औसा, कंधार, तेर हीं नांवें ऐकूं येतात. ही चाल आम्हांस स्वागतार्ह वाटते. ज्या प्रदेशास बाहेरचे लोक दुष्काळ आणि भूकंप या दोन शब्दांपलीकडे फारसे ओळखीत नाहींत, त्या प्रदेशाच्या मुलांनीं आपल्या पायांखालीं काय पुरलेलें आहे हें पाहावें, ही गोष्ट चांगलीच आहे. तथापि या चालीबरोबर एक प्रश्न गुपचूप गाडींत येऊन बसतो, व त्याची कोणी दखल घेतल्याचें आमच्या तरी वाचनांत आलेलें नाहीं. तो प्रश्न पुढच्या आसनावर, चाक हातांत धरून बसलेल्या मनुष्याचा आहे.

या विषयावर बोलूं लागलें कीं पहिला आक्षेप येतो तो श्रमांचा. श्रमांवांचून दर्शन नाहीं, पायीं गेलेल्यास पंढरी दिसते व मोटारींतून गेलेल्यास केवळ देऊळ दिसतें, असें कित्येक सज्जन म्हणतात. ऐकावयास गोड वाटण्यापलीकडे या म्हणण्यांत फारसें तथ्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. वारकऱ्याची गोष्ट वेगळी. चालणें हीच त्याची उपासना आहे. परंतु जुन्या वस्तूंचें अवलोकन हा विद्येचा व्यापार आहे, आणि तापलेल्या टाळूनें किंवा फोड आलेल्या पायांनीं शिलालेखाचें अक्षर अधिक स्पष्ट लागतें असा अनुभव कोणासही नाहीं. शिवाय पूर्वींचे लोक श्रम करून जात, हें म्हणणेंही अर्धेंच खरें. ज्यांस ऐपत होती ते पूर्वींही मेण्यांतून, पालखींतून, छकड्यांतून जात. श्रम होत ते भोयांच्या खांद्यांस आणि बैलांच्या मानेस. प्रवासाचे श्रम कधींच नाहींसे झाले नाहींत. ते कोणाच्या अंगावर पडावे, एवढेंच काय तें काळानुसार बदलत आलें.

तेरचेंच उदाहरण घेऊं, कारण गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तेथें जाऊन आलों व तें मनांत ताजें आहे. तेर हें गांव धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं आहे. परंतु लातुराहून मुरूड, ढोकी या वाटेनें तें इतकें जवळ पडतें कीं लातूरकर त्यास आपलेंच समजतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेविली. ती ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. भडोचेच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें शहर, असें तो सांगतो. पैठणाहून मौल्यवान दगड येत. तगराहून जाडेंभरडें कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि पूर्वकिनाऱ्याकडून तेथें येऊन पडलेला इतर माल येई. हा सगळा माल, जेथें धड रस्ता नाहीं अशा विस्तीर्ण मुलुखांतून, गाड्यांवर लादून भडोचेस नेत. भडोचेच्या मागचा हा मुलूख त्या लेखकाच्या लेखीं ओसाड रानांचा, मोठ्या डोंगरांचा, वाघांचा, हत्तींचा आणि अजगरांचा आहे. त्याच्या दृष्टीनें आपण सर्व रानांतलेच रहिवासी.

हें वाचून आमच्या तरुण मित्रांस हंसूं येतें. पण त्यांनीं फार हंसूं नये. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें, ही कांहीं पहिल्या शतकांतील गोष्ट नव्हे. चैत्र-वैशाखांत या वाटांनीं जाणाऱ्यास, मोटारीच्या काचा वर असल्या व आंत गारवा असला तरी, डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका दिसतातच. फक्त त्या फार लवकर मागें पडतात. बैलगाडीच्या वेगानें जाणाऱ्यास त्यांच्याशीं दोन शब्द बोलावे लागले असते. मोटारीविरुद्ध आमची खरी तक्रार असेल तर ती एवढीच आहे.

हें तगर म्हणजे कोणतें गांव, यावर विद्वानांत पुष्कळ काळ वाद चालला. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, कोणी धारूर. शिलाहार राजे मोठ्या अभिमानानें स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. पण ज्या नगराचें नांव ते मिरवीत, तें नगर कोठें आहे हें मात्र लोक विसरून गेले होते. १९०१ सालीं जे. एफ्. फ्लीट यांनीं तेर हेंच तगर असें प्रतिपादन केलें. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनीं तेथील देवळें पाहून त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि पुढें चापेकरांनीं तेथें उत्खनन केलें. आज तेथें गेल्यावर सर्वांत आधीं मनांत भरतें तें त्रिविक्रमाचें देऊळ. तें मुळांत विटांचें बौद्ध चैत्यगृह असावें. मागची अर्धवर्तुळाकार भिंत व हत्तीच्या पाठीसारखें छप्पर अद्याप तसें सांगतात. पुढें तेथें त्रिविक्रमाची मूर्ति आली, मंडप जोडला गेला, आणि घंटा वाजूं लागली. गांवांतच गोरोबाकाकांची समाधि आहे. संतांच्या डोक्यांवर थापटणें मारून कोणतें मडकें भाजलें व कोणतें कच्चें राहिलें हें गोरोबांनीं पाहिलें, व नामदेवांचें मडकें कच्चें ठरलें, ही कथा मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहे. ज्या गांवच्या पांढरींत दोन हजार वर्षांपूर्वींच्या कुंभारांचीं मडकीं सांपडतात, त्याच गांवीं सातशें वर्षांपूर्वींचा एक कुंभार संतांचा परीक्षक व्हावा, हा योग आम्हांस फार हृद्य वाटतो.

या पांढरींतून पावसाळ्यानंतर उघड्या पडणाऱ्या वस्तु, मणी, नाणीं, बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्ति, तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं वर्षानुवर्षें वेंचून जपल्या. त्यांच्याच संग्रहावर तेथील सरकारी वस्तुसंग्रहालय उभें आहे व त्यास त्यांचेंच नांव आहे. त्यांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. तिची बहीण शोभेल अशी दुसरी मूर्ति १९३८ सालीं इटलींत पाँपेई येथें सांपडली. पाँपेई इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हिअसच्या राखेखालीं गाडलें गेलें; म्हणजे ती मूर्ति त्यापूर्वींच समुद्र ओलांडून गेली होती. ती याच बाजूस, तेर किंवा भोकरदन येथें घडली असावी, असें मत मांडलें गेलें आहे. तें खरें मानल्यास विचार करावा, कीं जिच्यासाठीं आज युरोपांतले लोक नेपल्सच्या संग्रहालयांत रांग लावतात, ती आमच्याकडील कोणा गाडीवानानें गवतांत गुंडाळून, आखरीला बांधून, महिनाभर उतरणी-चढणींतून संभाळत नेली असेल. पेरिप्लसकारास मालांचीं नांवें ठाऊक आहेत, बंदरांचीं आहेत, कांहीं राजांचींही आहेत. गाडीवानाचा उल्लेख त्यानें ‘गाड्यांवरून’ एवढ्या एका शब्दांत उरकला आहे.

आतां या गाडीवानाच्या आजच्या वारसाकडे वळूं. मोटार संग्रहालयाच्या फाटकाशीं थांबते, दारें उघडतात, मंडळी पाय मोकळे करीत उतरतात, कोणीतरी मागें वळून म्हणतो, “तुम्ही इथेच थांबा हं, आम्ही तासाभरात येतो.” तासाचे दोन तास होतात. तो मनुष्य लिंबाची सावली शोधून गाडी लावतो, काच पुसतो, आसन मागें पाडून आडवा होतो व उठतो. मुलें त्यास ‘काका’ म्हणतात, कारण तसें म्हणावयास आम्हीं शिकविलेलें असतें. पण जेवणाच्या वेळीं काकांचें ताट निराळ्या टेबलावर येतें. तें कां, हें मुलांस कोणी सांगत नाहीं, आणि तरीही तीं तें बरोबर शिकतात.

या व्यवस्थेचें समर्थन विचारलें तर बहुधा दोन उत्तरें मिळतात. पहिलें असें, कीं त्याचे पैसे दिलेले आहेत. हें उत्तर वरवर पाहतां बिनतोड आहे. भाड्याच्या पावतीवर किलोमीटरांचा दर असतो, टोल असतो, रात्र झाल्यास भत्ता असतो, कोठें कोठें थांबण्याचाही दर असतो. श्रम विकत घेतां येतात, कौशल्यही विकत घेतां येतें. आम्ही प्राध्यापक लोक तरी दुसरें काय विकतों? परंतु थांबणें ही वस्तु चमत्कारिक आहे. त्या दोन तासांत त्यानें कांहीं करावें अशी आपली अपेक्षा नसते. त्यानें कोठें जाऊं नये, दुसऱ्या कशांत गुंतूं नये, आणि हांक येतांच उठावें, इतकेंच आपण मागतों. त्याचें करणें आपण विकत घेत नाहीं, त्याचें न करणें विकत घेतों. आपल्या फुरसतीचे दोन तास त्याच्या अडकून पडलेल्या दोन तासांवर टेकलेले असतात.

ग्रीक तत्त्वज्ञांस ही गोष्ट चांगली ठाऊक होती व ते ती लपवीतही नसत. तत्त्वचिंतनास फुरसत लागते, आणि नागरिकास ती मिळावी म्हणून दासांनीं राबावें, असें ॲरिस्टॉटलनें उघड मानलें. धोटा आपोआप विणूं लागला, वीणा आपोआप वाजूं लागली, तर धन्यास दासांची गरज उरणार नाहीं, अशा अर्थाचें त्याचें एक वचनही प्रसिद्ध आहे. त्या वचनाचा अनुभव आतां येऊं लागला आहे. अमेरिकेंतील कांहीं शहरांत चालकावांचून चालणाऱ्या मोटारी भाड्यानें मिळूं लागल्या आहेत. आमच्या एका विद्यार्थ्यानें यावर उत्साहानें म्हटलें, कीं असें झालें म्हणजे तुमचा प्रश्नच मिटला. आम्हांस तसें वाटत नाहीं. दाराबाहेर मनुष्य उरणार नाहीं हें खरें. पण तो नाहींसा झालेला नसेल, कोठेंतरी बेकार बसलेला असेल, आणि आपल्याला तो दिसणार नाहीं इतकाच फरक पडेल. न दिसणाऱ्या मनुष्याविषयीं आपलें मन किती लवकर निश्चिंत होतें, हें पेरिप्लसच्या त्या एका शब्दांत आपण पाहिलेंच.

येथें कोणी म्हणेल, कीं या न्यायानें तर जगांतील कोणतीच फुरसत निर्दोष नाहीं. आईनें रांधलें म्हणून मुलगा बी. ए. झाला, मग त्यानें शिकूं नये काय? अवश्य शिकावें. आमच्या शास्त्रकारांनीं मनुष्य जन्मतःच देव, ऋषि आणि पितर यांचा ऋणी असतो असें मानलें, तें याच अडचणीचें उत्तर म्हणून आम्हांस मोलाचें वाटतें. पावतीनें जें फिटतें तें देणें. पावती फाडल्यावरही जें मागें राहतें तें ऋण. मुलगा आईचें ऋण मनांत बाळगतो म्हणून त्याच्या शिक्षणास दोष लागत नाहीं. सारथ्याच्या बाबतींत पावती मिळतांच आपण हिशोब पुरा झाला असें समजतों.

दुसरें समर्थन असें, कीं त्या लोकांस अशा गोष्टींची गोडी नसते. हें आम्हीं इतक्या सुशिक्षित तोंडांतून ऐकलें आहे, कीं त्याची परीक्षा घेणें जरूर वाटलें. आमच्याबरोबर आलेला सारथी चाळिशीच्या आसपासचा, औसा तालुक्यांतला. तेर येथें उतरतांना आम्हीं त्यास म्हटलें, “गाडीला कुलूप घाला आणि वाटलं तर आत चला.” तो आला. नाण्यांच्या व मूर्तींच्या कपाटांपुढून तो फारसा न थांबतां गेला. तेथें आम्हीच पुष्कळ वेळ रेंगाळलों. पण मातीच्या भांड्यांपाशीं येतांच तो उभा राहिला, आणि बऱ्याच वेळानें म्हणाला, “सर, ही उतरंड हाय नव्हं? आमच्या घरात अशीच व्हती. भूकंपात घर बसलं, तवा पितळंचा हंडा तेवढा वर निघाला. उतरंड खालीच ऱ्हायली. जुन्या गावात उकरलं तर अजून निघंल.”

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेस किल्लारीच्या बाजूस जें झालें तें या भागांतील वाचकांस सांगावयास नको. गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. दगडमातीचीं जड माळवदें त्यांच्यावर आलीं, आणि हजारों माणसें जागच्या जागीं गेलीं. गांवें दुसरीकडे वसविलीं गेलीं. जुनीं गांवठाणें ढिगारे होऊन राहिलीं. तो तेव्हां सातआठ वर्षांचा असेल. त्याच्या बोलण्यांत रडण्याचा सूर मुळींच नव्हता. उलट धान्याचे एवढे मोठे रांजण घरांत आणले कसे असतील, दार आधीं कीं रांजण आधीं, असें त्यानें आम्हांस विचारलें, आणि खरें सांगावयाचें तर पुराणवस्तुशास्त्राच्या दृष्टीनें त्या दिवशींचा तोच सर्वांत चांगला प्रश्न होता.

आम्हीं त्या मातीच्या भांड्यांत सातवाहनकालीन व्यापार पाहिला; त्यानें घर पाहिलें. आमचें पाहणें खोटें नव्हे, पण तें फार लांबून होतें. पुराणवस्तु म्हणजे जिच्या धन्याचें दुःख संपून गेलें आहे अशी वस्तु, अशी व्याख्या करतां येईल काय, असा विचार तेव्हां मनांत आला. किल्लारीच्या ढिगाऱ्यांकडे त्या दिवसांत मदतीस जाणाऱ्यांबरोबर नुसते बघेही गेले, आणि लोकांनीं त्यांस नांवें ठेविलीं तें योग्यच केलें. मग तेरच्या पांढरीवर आपण निःशंकपणें हिंडतों तें कोणत्या अधिकारानें? दोन हजार वर्षें गेलीं म्हणून? मग ती मर्यादा कोठें आंखावयाची? दोनशें वर्षांवर, कीं तीस वर्षांवर? आमच्याजवळ याचें पक्कें उत्तर नाहीं. एवढें मात्र दिसतें, कीं ज्याचें घर खालीं आहे तो बरोबर असला, तर पाहणाऱ्याचा आवाज आपोआप खालीं येतो. संग्रहालयांतून बाहेर पडेपर्यंत आमच्या मंडळींत कोणीही मोठ्यानें बोललें नाहीं.

रथ हांकणारा आणि जुनी गोष्ट सांगणारा हे दोघे निराळे, ही समजूतच मुळीं अलीकडची आहे. ‘सूत’ या एका शब्दाचे दोन अर्थ कोशांत शेजारीं शेजारीं आहेत: सारथी आणि पुराणें सांगणारा. नैमिषारण्यांत ऋषींस भारत ऐकविणारा उग्रश्रवा हा सूतच. आंधळ्या राजास कुरुक्षेत्र दाखविणारा संजय हाही सूतच. ब्राह्मणग्रंथांतील राजसूयांत सूताची गणना राजाच्या रत्नांत होते. पुढें स्मृतिकारांनीं त्यास खालीं ओढलें, घोडे आणि रथ त्याच्याकडे लावून दिले, आणि ‘सूतपुत्र’ ही कर्णाच्या तोंडावर फेंकण्याची शिवी झाली. कर्णाचें सारथ्य करावें असें दुर्योधनानें सुचवितांच शल्य किती खवळला, हेंही त्याच ग्रंथांत आहे. आणि त्याच युद्धांत दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष भगवंतांनीं लगाम आनंदानें हातीं धरलेले आहेत. तेव्हां आमची परंपरा सारथ्यास मान देते किंवा अपमान करते, असें एकच विधान करणाऱ्यानें ती नीट वाचलेली नाहीं. तिनें दोन्ही केलें आहे.

परंतु या प्रश्नावर भारतांतील जी कथा आम्हांस सर्वांत मार्मिक वाटते ती याहून निराळी आहे. नलराजा बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी होऊन राहिला होता. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता आली, आणि ऋतुपर्णास एका दिवसांत विदर्भास पोंचावयाचें होतें. रथ वाऱ्यासारखा चालला असतां राजानें वाटेंतील एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याचीं पानें व फळें किती, हें क्षणांत सांगितलें. बाहुकानें रथ थांबविला. मी हें मोजून पाहीन, असें तो म्हणाला. राजा म्हणाला, वेळ नाहीं. बाहुक म्हणाला, घटकाभर थांबा, किंवा घाई असेल तर दुसरा सारथी घेऊन पुढें जा. आणि राजा थांबला. सारथ्यानें झाडाचीं फळें मोजलीं, तीं बरोबर भरलीं, व मग तेथेंच रस्त्यावर राजानें आपली अक्षविद्या सारथ्यास दिली आणि सारथ्याची अश्वविद्या स्वतःसाठीं त्याच्यापाशीं ठेव म्हणून ठेविली. त्या क्षणीं नलाच्या अंगांतला कलि बाहेर पडला, असें कथा सांगते.

या कथेंत विद्येची देवघेव सर्वांच्या लक्षांत राहते. आमचें लक्ष त्या आधींच्या घटकेकडे जातें. तेथें थांबतो तो रथी, सारथी नव्हे; आणि थांबण्याचें कारण राजाची सोय नसून सारथ्याची जिज्ञासा आहे. आजच्या किती प्रवासांत असें घडतें? वाटेंत आपणांस उसाचा रस प्यावासा वाटला तर गाडी थांबते. हांकणाऱ्यास एखादें शेत, एखादी समाधि, एखादें ओळखीचें घर पाहावेंसें वाटलें, तर तें त्याच्या तोंडून बाहेरही पडत नाहीं.

येथपर्यंत लिहिल्यावर एक सावधगिरीचा शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण सुशिक्षितांची कणव ही कधीं कधीं त्यांच्या बेपर्वाईहून अधिक जाचक होते. सारथ्यास आंत बोलावणें हें त्यास ओढून आंत नेणें होऊं नये. तो पहाटेस चारला उठलेला असतो. लिंबाखालची झोंप हा त्याचा आळस नव्हे. तींत परतीच्या प्रवासांतील सर्वांचे जीव गुंतलेले आहेत. आपल्या समतेच्या समाधानासाठीं त्याची ती झोंप मोडणारा मनुष्य त्यास ताटकळत ठेवणाऱ्याहून फारसा वेगळा नाहीं. नांदेडाहून लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या मार्गानें तेरला जाऊन परत येणें म्हणजे पावणेचारशें-चारशें किलोमीटर होतात. आपल्याला तो सहलीचा एक दिवस. त्याला तें पंधरासोळा तासांचें काम. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानें चालकाचा दिवस सामान्यतः आठ तासांचा धरला होता. पण ज्या धंद्यांत पांच किंवा अधिक कामगार असत त्यांसच तो आपोआप लागत असे. एकदोन गाड्या बाळगून भाडें मारणाऱ्यांकडे तो कायदा सहसा पोंचतच नसे. तेथें कायद्याची जागा गाडी ठरविणाऱ्याच्या सद्बुद्धीनें भरून काढावी लागते, आणि सद्बुद्धि ही फार बेभरंवशाची वस्तु आहे.

आमच्या मंडळींनीं लातुरास मुक्काम करण्याचें आधींच योजिलें होतें. तेथें आमचे आप्त आहेत, आणि रात्रीचा प्रवास टाळावा असा विचार. हें आम्हांस मोठें विचारीपणाचें वाटत होतें. दुपारीं सारथ्यानें संकोचत सांगितलें, कीं मुक्काम नको. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचें नांदेडांत लग्नाचें भाडें ठरलें होतें, आणि रात्रीच्या भत्त्यांत तें भरून निघणारें नव्हतें. म्हणजे आमची दया त्याच्या खिशांतून जाणार होती! दोनच मार्ग होते: त्याचें बुडणारें भाडें आपण भरून द्यावें, किंवा आपण लवकर निघावें. पहिला त्यासच आवडेना; लग्नघरास दिलेला शब्द मोडतां येत नाहीं, असें तो म्हणाला, आणि त्यापुढें आमचें कांहीं चालणें शक्य नव्हतें. आम्ही तीन वाजतां तेर सोडलें. उत्तरेश्वराचें देऊळ पाहावयाचें राहिलें. त्याबद्दल घरांत एकदोघांनीं कुरकुर केली. ती स्वाभाविक होती. आम्हांसही तें राहिल्याचें वाईट वाटतें. परंतु त्या दिवशीं कोणाचा तरी कांहींतरी भाग कापला जाणारच होता, आणि जे केवळ पाहावयास आले होते त्यांचा तो कापला जावा, यांत आम्हांस अन्याय दिसत नाहीं.

परततांना मनांत पेरिप्लसमधील तें अंतर पुन्हां पुन्हां येत होतें. त्या व्यापाऱ्यानें कोसांत मोजलें नाहीं, दिवसांत मोजलें: पैठणास वीस दिवस, तेथून तगरास दहा. दिवसांत मोजलेल्या वाटेंत बैलाचें थकणें असतें, गाडीवानाची झोंप असते, पावसानें अडलेला ओढा असतो. तें सर्व धरूनच तीस दिवस होतात. किलोमीटरांत मोजलेल्या वाटेंत यांतलें कांहींच नसतें. चारशें किलोमीटर हे ताज्या मनुष्यासही चारशें आणि पेंगुळलेल्या मनुष्यासही चारशेंच. गाडी ठरवितांना आपण फोनवर अंतर सांगतों व दर विचारतों, तेव्हां या मोजण्यानें सारथ्यास हिशोबांतून कधींच बाहेर काढलेलें असतें.

येत्या माघांत कंधारचा किल्ला व होट्टलचीं चालुक्यकालीन देवळें पाहण्याचा आमचा बेत आहे. दोन्ही नांदेड जिल्ह्यांतच, आणि मनांत आणलें तर एका दिवसांत होण्यासारखीं. गाडी तीच सांगितली आहे. अंतर न सांगतां आम्हीं त्या गृहस्थांस एवढेंच विचारलें, कीं हीं दोन ठिकाणें सावकाश पाहावयाचीं तर किती दिवस धरावे. त्यांनीं दोन सांगितले, आणि मधल्या रात्रीं देगलुरास त्यांच्या मेव्हण्याकडे उतरतां येईल कां, असें उलट विचारलें. आम्हीं होय म्हटलें आहे.